शिक्का न बसलेली तिकिटं

अजमेर, ४ सप्टेंबर १९५०

ती. ताई,

नमस्कार. गुरुवारचा डबा पोचला. तू फलाटावरून परत फिरायच्या आत आमच्या हेड सॉर्टरसाहेबांनी झाकण उघडलं होतं. घारगे महू यायच्या आतच संपले. आता इंदूर जवळ आलं की टपालाच्या डब्यातले चौघंही केस नीट करतात आणि मला विचारतात, 'दीदी आज क्या लाएंगी?' पुढच्या वेळी जास्त आण, नाहीतर तुझ्या भावाला उपास पडेल.

काय सांगू ताई, पाताळपाणीचा धबधबा यंदा भरून वाहतोय. एका हातात पत्रांची गड्डी, समोर पन्नास खण, पाय फाकून उभा, आणि डोळे दाराबाहेर. परवा बडवाहचं एक पत्र भुसावळच्या खणात टाकणार होतो. नर्मदेचा पूल आला की मी दोन मिनिटं कामच थांबवतो. साहेब बघतात आणि चालवून घेतात. त्यांनाही तो पूल आवडतो.

लहानपणी मी नकाशावर बोट फिरवत बसायचो तेव्हा नाना ओरडायचे, 'नकाशा बघून पोट भरतं का?' त्यांना सांग, भरतं. सरकार पगार देतं आणि वर गावं फुकट दाखवतं. नानांचा उजवा हात आता कसा आहे? मालिशवाला येतो ना?

तुझा
अच्युत


रामबाग, इंदूर, ११ सप्टेंबर १९५०

चि. अच्युत यास आशीर्वाद.

नानांचा हात आहे तसाच. पाय थोडा उचलतात. तुझा निरोप सांगितला तर अर्ध्या तोंडाने हसले.

आता माझी खबर ऐक आणि हसू नकोस. तोपखान्यापाशी त्या शिवणयंत्राच्या कंपनीचं दुकान आहे ना, तिथे उन्हाळ्यात मी परीक्षा दिली होती. दुकानाचे चिंतामणजी यांनी माझं नाव परस्पर मुंबईला कळवलं. काल मुंबईहून पत्र आलं. कंपनीला 'प्रवासी शिक्षिका' हवी आहे. एका गावात महिनाभर राहायचं, बायकांना कापणं-शिवणं शिकवायचं, आणि महिना संपला की यंत्र उचलून पुढच्या गावी. आधी हातोद, मानपुर, मग मंदसोर, नीमच. पगार आणि प्रवासाचं भाडं कंपनीचं. राहायची सोय एखाद्या चांगल्या घरात.

मी ते पत्र सहा वेळा वाचलं. अठराव्या वर्षी धारेहून कपाळ पुसून परत आले, तेव्हापासून धार आणि इंदूर एवढाच माझा हिंदुस्थान. रात्रभर मी मनातल्या मनात ट्रंक भरत होते. चार पातळं, कात्री, टेप, तांब्या.

होय किंवा नाही महिनाअखेरीपर्यंत कळवायचं आहे. पण मी गेले तर नानांजवळ कोण? तुमच्या खात्यात इंदुरात बसून करायच्या जागा असतात म्हणे. विचारून बघतोस का? नाही म्हणालास तरी मी रागावणार नाही, पण खरं ते सांग.

ताई


अजमेर, १६ सप्टेंबर १९५०

ती. ताई,

अभिनंदन! आमच्या घराण्यात आता दोन भटके. साहेबांनी पेढे मागितले आहेत.

जागेचं म्हणशील तर चौकशी केली. सध्या कठीण दिसतं. इंदूरच्या जागेवर सगळ्यांचा डोळा असतो. आणि तू खरं सांग म्हणालीस म्हणून सांगतो, दहा ते पाच एका खोलीत बसून तीच भिंत बघायची म्हटलं की माझा जीव गुदमरतो. पण तू माझा विचार मुळीच करू नकोस. तुला हवं तेच लिही. नानांचं काहीतरी होईल. सरलाकाकू शेजारी आहेत.

एक युक्ती सांगतो. उत्तर लिहिलंस की पेटीत टाकू नकोस. २८ तारखेला गुरुवारी दुपारी मी खंडव्याकडे जाणाऱ्या गाडीत आहे. आमच्या डब्याला बाहेरून फट असते. उशिराच्या टपालाचं जादा तिकीट लाव आणि तिथून आत टाक. मीच उचलीन, मीच मुंबईच्या खणात ठेवीन. एक दिवस आधी पोचेल.

तुझा
अच्युत


इंदूर, २४ सप्टेंबर १९५०

चि. अच्युत,

तुझं पत्र पोचलं. समजलं. गुरुवारी डबा आणि पाकीट दोन्ही घेऊन येते.

काय लिहिलं ते तुला आत्ता सांगणार नाही. एकदा गेलं म्हणजे गेलं, मग सांगीन. तीन दिवस कागद समोर घेऊन बसले होते. लिहून झालं तेव्हा डोक्यावरचं ओझं उतरलं. नानांना वाचून दाखवलं, तर त्यांनी चांगल्या हाताने माझं मनगट धरून ठेवलं ते सोडेचनात.

तुझ्या हातून जाणार म्हणजे मला काळजी नाही.

ताई


खंडवा, २९ सप्टेंबर १९५०

ती. ताई,

पाकीट मिळालं. मुंबईच्या खणात ठेवलं. चिंता नसावी. गाडीत काम फार आहे, म्हणून जास्त लिहीत नाही.

अच्युत


अजमेर, १० जानेवारी १९५१

ती. ताई,

तीनेक महिने पत्र नाही याबद्दल माफ कर. मी लाइन बदलून घेतली. आता अहमदाबाद–दिल्ली. आबू रोड, मारवाड, जयपूर. इकडे वाळू आणि मोर. बघायला मिळतंय तर बघून घ्यावं म्हटलं. आता आमची गाडी इंदुरावरून जाणार नाही, तेव्हा तुझी डब्याची यातायात वाचली. पैसे मनिऑर्डरने पाठवत जाईन.

कंपनीकडून काही आलं का? नानांना नमस्कार.

अच्युत


इंदूर, २ फेब्रुवारी १९५१

चि. अच्युत,

आता घारगे कुणाला करू? गुरुवारी दुपारी सवयीने पीठ भिजवते आणि मग आठवतं.

कंपनीकडून काही आलं नाही. येणार नव्हतंच. त्या विषयाचं पाकीट तूच घेऊन गेलास, आता परत नको काढूस. मी रामबागेतच शिवणाचा वर्ग काढला आहे. अकरा मुली येतात. नाना खाटेवरून त्यांचे टाके तपासतात आणि चुकलं की चांगल्या हाताने खाटेवर ठोकतात.

मोराचं पीस सापडलं तर आण.

ताई


इंदूर, ८ ऑगस्ट १९५५

चि. अच्युत,

मोराची पिसं आता आठ झाली, पण पाच वर्षांत तू इंदुरात मोजून चार वेळा आलास, तेही दीड-दीड दिवस. असो. आज वेगळ्याच कामासाठी लिहिते आहे.

काल चिंतामणजी घरी आले होते. माझा वर्ग बघितला, मुलींची झबली उलटीपालटी करून बघितली. म्हणाले, कंपनीला पुन्हा प्रवासी शिक्षिका हवी आहे आणि त्यांना माझंच नाव सुचवायचं आहे. मग जरा घुटमळले. म्हणाले, 'बाईजी, बुरा मत मानना, पर बंबईवालों के रजिस्टर में आपके नाम के आगे लिखा है, जवाब नहीं दिया. ऐसी बाई को दुबारा कैसे पूछें?'

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, जवाब कैसे नहीं दिया? अहो, माझ्या सख्ख्या भावाच्या डब्यात मी माझ्या हाताने पत्र टाकलं. त्याने खणात ठेवल्याचं लिहून कळवलं. ते म्हणाले, 'तो फिर भिया से पुछवा लो.'

म्हणून विचारते. पत्र कुठे अडकलं असेल? तुमच्या खात्यात शोध घेता येतो का? पाच वर्षं मुंबईचे लोक मला उर्मट समजत बसले, आणि मी इकडे त्यांना.

ताई


अजमेर, २२ ऑगस्ट १९५५

ती. ताई,

पत्र पोचलं. साध्या टपालाची नोंद नसते, त्यामुळे इतक्या वर्षांनी शोध लागणं अशक्य आहे. खंडव्यापुढे दुसरी गाडी, दुसरी माणसं. कल्याणला पिशव्या बदलतात. मुंबईला कंपनीच्या शिपायाच्या हातूनही गहाळ झालं असेल. तू चिंतामणजींना सांग की टपालात असं कधीकधी होतं.

तू एवढं मनाला लावून घेऊ नकोस. नव्याने अर्ज कर. माझ्याकडून लागेल ती मदत करीन. सोबत थोडे पैसे पाठवतो आहे, नानांना दुलई घे.

अच्युत


इंदूर, २ सप्टेंबर १९५५

चि. अच्युत,

मी तुला भाऊ म्हणून विचारलं आणि तू मला खिडकीवरच्या बाबूसारखं उत्तर दिलंस. कल्याणला पिशव्या बदलतात हे मला कशाला सांगतोस? पैसे परत पाठवले आहेत. दुलई आहे.

चिंतामणजी म्हणतात, मुंबईला लेखी खुलासा हवा. तो महिनाअखेर गेला नाही, तर उज्जैनच्या एका बाईला घेणार. मी आता अडतीसची झाले. चाळिशीनंतर कंपनी घेत नाही. ही शेवटचीच संधी आहे आणि या वेळी मला जायचं आहे. अगदी जायचं आहे.

नानांना तुझं पत्र वाचून दाखवलं. त्यांचं बोलणं आता फक्त मला समजतं. ते म्हणाले, 'पोरगं काहीतरी झाकतंय.' होळकरांच्या दप्तरात तीस वर्षं कागद तपासले त्यांनी.

मला दुसरं काही नको. एवढंच लिही. ते पाकीट तुझ्या हातात आलं होतं ना? पुढे त्याचं काय झालं?

ताई


अजमेर, १४ सप्टेंबर १९५५

ताई,

'ती.' लिहायला हात धजत नाही.

पाकीट माझ्याकडे आहे. या पत्रासोबत रजिस्टर टपालाने पाठवतो आहे. फोडलेलं नाही. जसं फटीतून आत पडलं तसंच आहे.

तुला तो दिवस आठवत असेल. तू काठाचं पांढरं पातळ नेसली होतीस. एका हातात डबा. मला दाखवायला पाकीट वर धरलंस, हसलीस आणि आत टाकलंस. इतकं मोकळं हसताना मी तुला लग्नाच्या आधी पाहिलं होतं, त्यानंतर त्या दिवशीच. मी समजलो, ताई निघाली. आता मला परत यावं लागणार. रामबागेतली ती खोली, नानांचं भांडं, दहा ते पाचची खुर्ची. मी दारातून आत वळलो.

बाकी पत्रांवर शिक्के मारले. तुझं बाजूला ठेवलं. महू गेलं, पाताळपाणी गेलं. मुंबईचा खण माझ्या छातीसमोर होता, ताई, हातभर अंतरावर. काळाकुंडला साहेब म्हणाले, गड्डी बांध. मी मुंबईची गड्डी बांधली, वर चिठ्ठी लावली, आणि तुझं पाकीट माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होतं. त्या दिवशी नर्मदेचा पूल आला तेव्हा मी बाहेर बघितलं नाही. तेव्हापासून कुठलाच पूल मला धडपणे दिसलेला नाही.

आधी वाटलं, उद्याच्या गाडीने पाठवू. मग मुदत उलटली. मग वाटलं, आता पाठवून काय उपयोग? मग तुझं पत्र आलं, 'कंपनीकडून काही आलं नाही, येणार नव्हतंच', आणि मला कळलं की तू स्वतःलाच कमी लेखून गप्प बसली आहेस. तेव्हा तरी सांगायला हवं होतं. लाइन तर मी त्याआधीच बदलून घेतली होती. मोर बघायला नव्हे. तुझ्या हातचा डबा घेऊन खाणं मला जमेना म्हणून.

आणखी एक सांगून टाकतो. जागेची चौकशी केली असं मी तुला लिहिलं होतं. केली नव्हती. तुझं ऑगस्टचं पत्र आल्यावर पहिल्यांदा केली. त्या वर्षी इंदूरला दोन जागा रिकाम्या होत्या आणि घ्यायला कुणी नव्हतं.

मला माझी लाज वाटते, ताई. लोक कौतुकाने विचारतात, किती मुलूख पाहिलात हो! मी सांगत बसतो, आणि प्रत्येक गावाचं नाव घेताना वाटतं की हे तुझं होतं.

इंदूरच्या टेबलासाठी अर्ज केला, मंजूरही झाला. ऑक्टोबरअखेर येतो. हे पत्र तू चिंतामणजींना दाखव, मुंबईला पाठव, माझ्या वरिष्ठांना दाखव. नोकरी गेली तरी मी तक्रार करणार नाही. तुझ्या नावापुढचा शेरा पुसला गेला पाहिजे.

सॉर्टर कुणाचं पाकीट फोडत नाही. तेवढा एक नियम मी पाळला.

अच्युत


इंदूर, ३ ऑक्टोबर १९५५

अच्युत,

तुझं रजिस्टर पत्र गेल्या महिन्यात पोस्टमनच्या हातून घेतलं, सही केली आणि दोन दिवस पोळपाटाखाली ठेवून दिलं. तिसऱ्या दिवशी नानांच्या समोर जुनं पाकीट फोडलं. तू पाच वर्षं जे फोडलं नाहीस ते. आत काय होतं ते जसंच्या तसं उतरवते:

'आपले कृपापत्र मिळाले. आपण दिलेली संधी मला स्वीकारता येत नाही, याचे वाईट वाटते. माझे धाकटे बंधू फिरतीच्या नोकरीत आहेत आणि त्या नोकरीत ते फार सुखी आहेत. त्यांना ती सोडावयास लावणे मला बरे वाटत नाही. वडील आजारी असल्यामुळे त्यांच्याजवळ माझे असणे जरूर आहे. पुढे कधी शक्य झाले तर मी स्वतः कळवीन.'

कळलं? मी 'नाही' लिहिलं होतं. जीव गुदमरतो म्हणालास, तिथेच माझं उत्तर ठरलं. फलाटावर हसले ती त्यासाठी. म्हटलं, निदान एकाला तरी हुंदडू दे. पाकीट गेलं की तुला सांगणार होते, म्हणजे तू आढेवेढे घेणार नाहीस. पण मग तूच येईनासा झालास, आणि मला वाटलं, विषय नकोसा आहे याला.

तू फोडलं असतंस तर आपली पाच वर्षं वाचली असती. चिकटवून पुढे पाठवलं असतंस, माझ्या नावापुढे शेरा पडला नसता, आणि दर गुरुवारी डबा खाल्ला असतास. कसला तुझा नियम! पत्र चोरायला चालतं आणि फोडायला चालत नाही.

मला राग आला आहे. तू माझी वाट अडवलीस म्हणून नाही, ती मी स्वतःच अडवली होती. मी तुला देत होते ती वस्तू तू माझ्या हातातून हिसकलीस, याचा राग आहे. विचारलं असतंस तर हसत दिली असती. तू मला तेवढं ओळखत नव्हतास. ते मला सोसवत नाही. त्या दिवशी रडले. नानाही रडले, आणि मग म्हणाले, 'त्याला येऊ दे.' येऊ दे एवढंच म्हणाले, माफ कर म्हणाले नाहीत. मीही अजून म्हणत नाही.

तुझी कबुली कुणाला दाखवलेली नाही. चिंतामणजींना लिहून दिलं की टपालात घोटाळा झाला, बाई निर्दोष. ते म्हणाले, 'इतना काफी है.' आयुष्यात पहिल्यांदा लेखी खोटं लिहिलं, आणि तुझ्यासाठी लिहिलं. हे शेवटचं.

मुंबईचा होकार आला आहे. दोन नोव्हेंबरला मी मानपुरला रुजू होते. तू अठ्ठावीसला ये, म्हणजे चार दिवस नीट दाखवून देता येईल. नानांना सकाळी डाव्या कुशीवर वळवायचं, उजवीकडून ओढायचं नाही, दुखतं. चहा बशीतून, निम्मा. ते काही बोलले आणि समजलं नाही तर समजल्यासारखं करू नकोस, परत विचार. त्यांना ते चालतं. मोराची पिसं खिडकीत लावली आहेत, त्यांना तिकडे बघायला आवडतं. दुपारी ते तुला नकाशा उघडायला सांगतील. मी ज्या गावी असेन तिथे त्यांचं बोट नेऊन ठेव.

माझं होकाराचं पत्र मी मोठ्या पोस्टात नेऊन दिलं. खिडकीवर, पावती घेऊन.

या पाकिटावरची तिकिटं तुला ओळखीची वाटतील. तुझ्या त्या पाकिटावरची आहेत, उशिराच्या जादा तिकिटासकट. त्यांच्यावर कधी शिक्काच बसला नव्हता, म्हणून भाताच्या वाफेवर धरून काढली. आता तरी बसलाय का, ते बघून घे.

ताई